सायलेन्सर बदलला अन् गाडी टकटक करून राह्यली

यावेळचं पत्र दारव्हा तालुक्यातल्या एका पोराचं आहे, जसंच्या तसं देतो, कंसातलं तेवढं माझं.

"काका, राम राम. माझ्याकडं २०११ ची अल्टो आहे, ८०० सीसीवाली, सेकंडहँड घेतली, एक लाख दहा हजार किलोमीटर झाले. पोळ्याच्या आधी गाडीले कोन फिल्टर (डब्याबाहेरचा उघडा, शंकूसारखा हवेचा फिल्टर) लावला अन् फ्री-फ्लो (मोकळ्या, जाड पाइपाचा) सायलेन्सर बसवला. बसवणाऱ्यानं मधातला कॅटॅलिटिकचा डबा (विषारी धूर साफ करणारा) पण कापून टाकला, म्हणे त्यानं गाडी दबते. दोन दिवस मस्त वाटलं. मंग सकाळी थंड गाडी चालू केली का बॉनेटमधून टकटक टकटक आवाज येते, दहा मिनिटानं कमी होते. रेस एका जागी राहात नाही, आपोआप वाढते अन् आपोआप पडते, एसी लावला का गाडी बंदच. ॲव्हरेज १८ वरून १३ वर आलं, पेट्रोलचा वास येते. इथल्या मेकॅनिकनं रेसचा स्क्रू फिरवून पाह्यला, काही फरक नाही. आता तो म्हणते टॅपेट (व्हॉल्व उघडणारे भाग) गेले, हेड (इंजिनाचा वरचा भाग) उतरवा लागन, पंचवीस हजार. तूर निघाल्याशिवाय माझ्याकडं एवढे पैसे नाहीत. इंजिन खरंच गेलं का?"

राम राम बाबू. माझ्या हिशोबानं इंजिन नाही गेलं. गाडी न पाहता एवढ्या जोरात कसं सांगतो म्हणशील तर तुझ्याच पत्रात लिहिलंय, "दोन दिवस मस्त वाटलं, मंग". टॅपेट अन् बेअरिंग हे काही सण पाहून खराब होत नाहीत, ते महिनोन्महिने झिजतात, आवाज आज थोडा, पुढच्या महिन्यात थोडा जास्त, असा येते. ज्या गाडीला पोळ्यापर्यंत काही नव्हतं अन् पोळ्यानंतर एकदम तीन-तीन आजार लागले तिचं दुखणं इंजिनात नसते, ज्या ज्या जागी त्या फिटरचा पाना लागला तिथं असते. म्हणून मी तुला फक्त मागं चालत जायला सांगणार आहे. जे बदललं ते एकेक करून पहिल्यासारखं करत पाहायचं, अन् एका वेळी एकच. चार गोष्टी एकदम बदलल्या अन् गाडी सुधरली तर कशानं सुधरली ते कधीच समजत नाही, अन् नाही सुधरली तर मंग तर विचारूच नको.

हे शहाणपण मला फुकट नाही भेटलं. १९९८ ची गोष्ट, आमच्या गावच्या एका कापूस व्यापाऱ्याची मारुती ८०० आली होती गॅरेजवर, कार्बोरेटरवाली, म्हणजे इंजेक्शनच्या आधीच्या जमान्यातली, असाच आवाज, थंडीत टकटक. मी तेव्हा स्वतःला लय मोठा उस्ताद समजायचो, कान लावला अन् म्हटलं टॅपेट. व्हॉल्व सेट केले, आवाज तोच. मंग हेड उतरवलं, नवीन किट टाकली, चार दिवस गाडी अडकवून ठेवली, चालू केली तर टकटक पुन्हा हजर. शेवटी माझ्याकडं काम शिकणारं पंधरा वर्षाचं पोरगं म्हणते, उस्ताद इथं पत्र्याखाली काळं काऊन झालंय? एक्झॉस्ट मॅनिफोल्डचं, म्हणजे इंजिनातून जळका गॅस बाहेर नेणाऱ्या पहिल्या पाइपाचं, गॅस्केट (जोडातली पट्टी) फुटलेलं होतं. बस. व्यापाऱ्याकडून मी एक रुपया घेतला नाही अन् त्या पोराला त्या दिवशी गरम भजे चारले. म्हणून तुझ्या मेकॅनिकवर मी रागावत नाही, त्याचा कान चुकला असन, माझाही चुकला होता, पण पंचवीस हजाराच्या आधी पन्नास रुपयाच्या तपासण्या व्हायलाच पाहिजे होत्या.

आता आवाज. मॅनिफोल्डमधून गॅस लीक झाला का तो फुस्स असा नाही येत, टक टक असाच येते, कारण गॅस एका धारेनं नाही निघत, प्रत्येक सिलिंडरचा व्हॉल्व उघडला का एक फटका बसते. ऐकायला डिट्टो टॅपेट. फरक कशात असते तर गरम झाल्यावर. लोखंड तापून फुगते, फट दबते अन् आवाज कमी होते किंवा पार जाते, तू लिहिलं तसंच, दहा मिनिटात. टॅपेटचा आवाज बहुतेक वेळा असा गायब होत नाही, गाडी तापली तरी राह्यतेच. अन् दुसरं, चढावर किंवा तिसऱ्या गिअरमध्ये जोर दिला का लीकचा आवाज वाढते, टॅपेटचा तेवढा नाही वाढत.

सकाळी गाडी पार थंड असताना बॉनेट उघड. एक्झॉस्ट मॅनिफोल्डवर पत्र्याचं कव्हर असते, ते तीन-चार बोल्टवर आहे, काढ. हेड अन् मॅनिफोल्डच्या जोडावर, अन् खाली जिथं मॅनिफोल्डला सायलेन्सरचा पुढचा पाइप जोडला तिथं, काजळीसारखा काळा पट्टा दिसते का पाह्य. दिसला तर अर्धं काम झालं. नाही दिसला तर साबणाचं पाणी कर, फेस येईल असं घट्ट, ब्रशनं सगळ्या जोडावर लाव अन् मंग गाडी चालू कर, पहिल्या मिनिटभरात बुडबुडे येतात, नंतर पाणी उकळून जाते. तरीही नाही समजलं तर एकाला मागं उभा कर, जाड फडका ओला करून काठीच्या टोकाला बांधायचा अन् सायलेन्सरच्या नळकांड्यावर दोन-तीन सेकंद दाबायचा, जास्त नाही. गॅसला मागून रस्ता नाही भेटला का तो फटीतून जोरात निघते, आवाज एकदम वाढते अन् कुठून येऊन राह्यला ते सरळ कळते. हे सगळं मोकळ्या अंगणात करायचं, गोठ्यात किंवा शेडमध्ये नाही. कारण पुढं सांगतो.

कान लावायला स्टेथोस्कोप नको. वावरात ठिबकची नळी पडलीच असन, १६ एमएमची, तिचा हातभर तुकडा काप अन् एक टोक कानाला, दुसरं जोडावर फिरव. लीकसाठी यापेक्षा चांगलं यंत्र मी पाह्यलं नाही, आमच्या गॅरेजात अजून टांगलेली आहे. टॅपेटसाठी मात्र नळी नाही, लांब स्क्रू ड्रायव्हर, त्याचं टोक व्हॉल्व कव्हरवर अन् मूठ कानाच्या हाडाला. फॅनच्या पट्ट्याजवळ गमछा लटकवून वाकायचं नाही, हे शहाण्या माणसाला सांगावं लागू नये पण मी दोन गमछे अन् एक बोट जाताना पाह्यलंय.

आणखी एक परीक्षा आहे. गाडी चालू असताना एका इंजेक्टरचा, म्हणजे पेट्रोल फवारणाऱ्या नळीचा, कनेक्टर काढायचा, म्हणजे ते सिलिंडर मारायचं बंद करते. टकटक त्या सिलिंडरच्या फटीतून असन तर कमी होते किंवा बदलते. टॅपेटला पेट्रोलशी घेणंदेणं नाही, तो जसाच्या तसा वाजते. प्लगची वायर ओढून हे करणारे लय आहेत, तू करू नको, झटकाही बसते अन् न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरमध्ये जाऊन भडकते.

आता या लीकचा पेट्रोलशी काय संबंध ते समजून घे, कारण तुझी अर्धी कहाणी इथंच आहे. गॅस फटीतून फक्त बाहेर जात नाही. दोन फटक्यांच्या मधात पाइपात ओढ तयार होते अन् बाहेरची ताजी हवा आत जाते. पुढं ऑक्सिजन सेन्सर बसलेला आहे, त्याला वाटते अरे हवा जास्त अन् पेट्रोल कमी पडून राह्यलं, तो तसं इंजिनाच्या कंप्युटरला सांगते, अन् कंप्युटर बिचारा पेट्रोल वाढवते. जेवढी फट मोठी तेवढं खोटं मोठं. मंग पेट्रोलचा वास, काळे प्लग, ॲव्हरेज १८ चं १३. प्लग काढून पाह्य, टोकावर कोरडी काजळी असन तर हेच. चांगल्या जळणाऱ्या इंजिनाचा प्लग फिक्या विटकरी रंगाचा राह्यते. आजकाल कोणतंही ॲव्हरेज पडलं का लोक ई-२०, म्हणजे वीस टक्के इथेनॉलवाल्या, पेट्रोलवर बिल फाडतात. त्यानं थोडं पडते हे खरं आहे, पण त्यानं १८ चं १३ नाही होत.

तुझ्या गावाजवळ पीयूसीची गाडी येत असन. तिच्यात नळी घालून जो कागद निघते तो लोक न वाचता काचेवर चिकटवतात, पण त्यावर सीओ (कार्बन मोनॉक्साइड) अन् एचसी (न जळलेलं पेट्रोल) यांचे आकडे असतात. आरसीवर गाडी बीएस-४ (धुराचा सरकारी दर्जा) असन तर सीओ ०.३ टक्क्याच्या आत पाहिजे, बीएस-३ ला ०.५. तुझ्या गाडीचा कॅटॅलिटिकच नाही म्हणजे तो आकडा असाही वर जाईन, पण दोन-तीन टक्के दिसला तर समज का इंजिन पेट्रोल पिऊन राह्यलं, अन् एचसी लय वर असन तर एखादं सिलिंडर मिस करून राह्यलं. शंभर-दीडशे रुपयात एवढी माहिती दुसरं कोणी देत नाही.

अन् मोकळ्या अंगणात कर म्हटलं त्याचं कारण हाच सीओ. त्याला वास नाही, रंग नाही, अन् तो माणसाला झोपवून टाकते. बॉनेटमध्ये लीक आहे, कॅटॅलिटिक कापलेला आहे, त्यात बाहेरची हवा आत घेणारा व्हेंट बॉनेटलगत असते, तो हीच हवा केबिनमध्ये ओढते. लीक सापडेपर्यंत उभ्या गाडीत काचा बंद करून एसी लावून बसायचं नाही, डोकं दुखलं तर उन्हानं दुखते म्हणायचं नाही, खाली उतरायचं. घरच्या लोकांनाही सांग.

आता रेसचं. साधारण ८५० ते ९५० आरपीएमवर तुझं इंजिन गुपचूप उभं राह्यलं पाहिजे, म्हणजे तीन सिलिंडरचं जेवढं गुपचूप राह्यते तेवढं, थोडी थरथर या इंजिनाची जन्मजात आहे, तिला आजार समजू नको. आरपीएमचा काटा तुझ्या मॉडेलमध्ये बहुतेक नसनच, कानावर चाल.

रेस वर-खाली काऊन होते? थ्रॉटलची, म्हणजे पॅडल दाबल्यावर हवा आत सोडणारी, झडप बंद असताना इंजिनाला जेवढी हवा लागते ती कंप्युटर एका छोट्या वाटेनं देते, तिथं आयडलचा, म्हणजे पाय न लावता राहणाऱ्या रेसचा, व्हॉल्व असते, गरज पडली का थोडा उघडते, नाही तर बंद करते. आता कुठून तरी चोरवाटेनं हवा आत गेली, नळी निघाली, गॅस्केट फाटलं, तर व्हॉल्व पार बंद करूनही हवा जास्तच, रेस चढते. तुझ्या गाडीत हवा मोजायचा मीटर नळीत नाही, मॅनिफोल्डमधला दाब मोजून हिशोब होते, म्हणून चोरीच्या हवेचंही पेट्रोल कंप्युटर इमानदारीनं देते अन् रेस अजून चढते. मंग त्याला दिसते का पाय तर पॅडलवर नाही, मंग एवढी रेस कशाची, उतारावरून चालली असन, म्हणून तो पेट्रोलच तोडते. रेस धाडकन पडते, बंद पडायच्या आत तो घाईनं पेट्रोल सोडते, पुन्हा चढते. नवखा धुरकरी कसा कासरा एकदम ओढते अन् एकदम सोडते, बंडी धड चालतही नाही अन् धड थांबतही नाही, तसं.

म्हणून पहिलं काम, जुना फिल्टरचा डबा शोध. फेकला नसन अशी आशा आहे. तो परत बसव, फुकटचं काम, अर्धा तास. अन् बसवताना पाह्य का कोणकोणत्या नळ्या त्याला येत होत्या. व्हॉल्व कव्हरमधून एक जाडशी रबरी नळी फिल्टरकडे जाते, इंजिनाला श्वास घ्यायची ती वाट आहे, अन् कोन लावणारे नव्वद टक्के लोक ती एक तर उघडी लटकवतात नाही तर तिच्यात बोल्ट ठोकून देतात. उघडी ठेवली का आपल्या पांदण रस्त्यावरची धूळ सरळ ऑइलमध्ये, बोल्ट ठोकला तर आतला दाब सीलमधून ऑइल बाहेर ढकलते. हवेच्या तापमानाचा छोटा सेन्सर, दोन वायरवाला, तोही डब्याजवळ नळीवर कुठं असन तर पाह्य का जागेवर आहे का बॉनेटमध्ये लोंबकळून राह्यला.

बाकी नळ्यांचं सोपं आहे. ब्रेक बूस्टरची (ब्रेकला जोर देणाऱ्या डब्याची) नळी, पीसीव्हीची (इंजिनातली वाफ परत आत ओढणाऱ्या व्हॉल्वची) नळी, एकेक फडक्यावरून पक्कडनं हलकेच दाबायची, गाडी चालू ठेवून. जी दाबल्यावर रेस बदलली तिच्याकडं बोट दाखव. थ्रॉटल बॉडीच्या बुडाशी अन् इनटेक मॅनिफोल्डच्या (इंजिनात हवा नेणाऱ्या पाइपाच्या) जोडावर साध्या पाण्याचा फवारा मार, काच पुसायच्या बाटलीनं, पाणी फटीत गेलं का क्षणभर रेस बदलते. फवारणीचा पंप आणू नको, त्यात औषधाचा अंश असते अन् तू वाकून वास घेऊन राह्यला असशील. काही मेकॅनिक कार्ब क्लीनर मारतात, गरम एक्झॉस्टच्या जवळ तो पेटते, नको. उदबत्तीचा धूर कुठं ओढला जाते ते पाहणारेही आहेत, मीही पाह्यलंय, पण ज्या गाडीतून पेट्रोलचा वास येऊन राह्यला तिच्यासमोर उदबत्ती पूजेलाही लावायची नाही.

वायरी पण पाह्य. सेकंडहँड गाडी अन् गावची पार्किंग म्हणजे उंदीर आलेच. अन् सायलेन्सर बदलताना ऑक्सिजन सेन्सरची वायर पाइपला टेकून वितळली का, ताणली गेली का, हे मी सगळ्यात आधी पाह्यलं असतं. स्वस्तवालं ब्लूटूथ डोंगल लावून फॉल्ट वाचू म्हणशील तर २०११ च्या गाडीशी ते बरेचदा बोलतच नाही, त्यापेक्षा ज्याच्याकडं मारुतीचा स्कॅनर आहे त्याच्याकडं एकदा दाखव अन् कोड कागदावर लिहून घे, नुसते मिटवून घेऊ नको.

आता तो स्क्रू. बाबू, रेसचा स्क्रू कार्बोरेटरच्या जमान्यात होता. इंजेक्शनच्या गाडीत थ्रॉटलच्या बाजूला जो स्क्रू दिसते तो झडप किती बंद व्हावी त्याचा अडसर आहे, कंपनीतून बसवून बरेचदा त्यावर रंगाचा ठिपका दिलेला असते, म्हणजे हात लावू नको. तो फिरवला का झडप थोडी उघडीच राह्यते, सेन्सरला वाटते पाय पॅडलवर आहे, अन् कंप्युटर आयडल सांभाळायचं सोडून देते. तुझी गाडी एसी लावल्यावर बंद पडते त्यात याचा हात असू शकते, कारण एसी चालू झाला का कंप्युटरनं व्हॉल्व उघडून रेस सावरायची असते, अन् तो समजते मी आयडलवरच नाही, मंग सावरेन कोण. रंगाचा ठिपका दिसत असन तर तिथंपर्यंत परत फिरवून घे. नाही दिसत तर ज्याच्याकडं मल्टिमीटर आहे त्याला थ्रॉटल सेन्सरचा व्होल्टेज पाहायला लाव, पाय न लावता साधारण अर्ध्या व्होल्टच्या आसपास पाहिजे. दुसरं कारण आयडल व्हॉल्वमधली काजळी. थ्रॉटल बॉडी काढून ती वाट थ्रॉटल क्लीनरनं धुवून काढ, तारेनं खरवडू नको. थ्रॉटल बॉडीचं गॅस्केट नवीन टाक, जुनंच उलटं करून लावणाऱ्यांना माझ्या गॅरेजात चहा नाही. बॅटरीची वायर काढून लावली तर दोन-चार दिवस आयडल थोडं चुकते, कंप्युटर पुन्हा शिकते, तेवढ्यानं घाबरू नको.

कोन फिल्टरबद्दल माझं मत विचारशील तर आपल्या इकडं तो लावूच नये. मुंबई-पुण्याच्या रस्त्यावर काय व्हायचं ते होवो, इथं काळ्या मातीची धूळ आहे, दिवाळीनंतर जिनिंगच्या रस्त्यानं कापसाचे तंतू उडतात, अन् कंपनीचा कागदी फिल्टर डब्यात बंद राहून बाहेरची थंड हवा ओढते. कोन बसते बॉनेटच्या आत, रेडिएटरच्या मागं, म्हणजे मे महिन्यात बाहेर ४५ डिग्री असताना तो त्याहूनही तापलेली हवा पिते. गरम हवा विरळ असते, तेवढी ताकद कमी. आवाज मात्र वाढते, घुर्र्र करून, अन् माणसाला वाटते गाडी पळून राह्यली. तुला दोन दिवस मस्त वाटलं ते हेच.

सायलेन्सरचंही तसंच. लोक म्हणतात इंजिनाला बॅकप्रेशर लागते म्हणून फ्री-फ्लो नको. ते बरोबर नाही, मागून दाबलेलं कोणत्याच इंजिनाला आवडत नाही. गोष्ट वेगाची आहे. बारीक पाइपात गॅस वेगानं जाते अन् जाता जाता मागचाही ओढून घेते, जाड पाइपात तो सुस्त होते, पाटाचं पाणी वावरात पसरलं का जसं रेंगाळते तसं. ४७ हॉर्सपॉवरचं इंजिन तुझं, त्याचा पाइप कंपनीनं मोजून दिला, तो मोठा केला तर वरच्या रेसला मिळालाच तर एखाद-दुसरा हॉर्सपॉवर मिळन अन् खालच्या रेसला जोर जाईन, म्हणजे दोन पोती अन् तीन माणसं घेऊन चढ चढताना पहिला गिअर टाकावा लागन. समृद्धीवर कारंज्याहून चढून शंभरच्या वेगानं नागपूरला जाऊन ये, घरी येईपर्यंत कानात भुंगा राह्यते.

अन् तो कापलेला कॅटॅलिटिकचा डबा परत माग. आतमध्ये प्लॅटिनम, पॅलॅडियम, रोडियम असे महागाचे धातू असतात, भंगारात त्याला चांगला भाव आहे, त्यानं गाडी दबते म्हणून काढून ठेवणाऱ्या माणसाला हे माहीत नसन असं मला नाही वाटत. खरंच जाम झालेला कॅटॅलिटिक गाडी दाबते, पण मंग गाडी ऐंशीच्या वर जात नाही, पाइप लाल होते, तुझं तसं काहीच नव्हतं. कायद्याचंही ऐकून घे. मोटार वाहन कायद्यात २०१९ ला दुरुस्ती झाली, कलम १८२-अ प्रमाणे परवानगी नसलेला बदल केला तर मालकाला एका बदलामागं ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यापर्यंत कैद, किंवा दोन्ही. आवाज अन् धुराचं वेगळं कलम आहे, १९०, त्यात १०,००० पर्यंत दंड अन् तीन महिने लायसन्स बंद. बुलेटवाल्यांच्या सायलेन्सरवर पोलिसांनी रोडरोलर फिरवलेला तू मोबाईलवर पाह्यलाच असन.

एक आवाज राह्यला, तू लिहिला नाही पण येईन. झणझण, पत्र्यासारखा, ठराविक रेसलाच. तो आला तर फ्री-फ्लोचा पाइप बॉडीला किंवा खालच्या आडव्या दांड्याला टेकते का पाह्य, रबराचे हँगर तुटले का पाह्य, अन् मॅनिफोल्डचं कव्हर तू काढून परत लावशील तेव्हा बोल्ट पूर्ण कसलेस का ते आठव.

घाबरायचं कधी तेही सांगतो. खालून जड ढक ढक आवाज, जोर दिल्यावर वाढणारा. ऑइलचा लाल दिवा आयडलवर लुकलुकणं. निळा धूर, हजार किलोमीटरला अर्धा लिटर ऑइल पिणं. यातलं काही असन तर गाडी चालवू नको, ओढून ने. अन् तरीही हेड उतरवायच्या आधी कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, गेजनं मोजायला लाव, तीनही सिलिंडरचे प्लग काढून, बॅटरी चार्ज असताना, पॅडल पूर्ण दाबून. तिघांचे आकडे कमी नसन अन् त्यांच्यात एक किलोपेक्षा (चौरस सेंटिमीटरला) जास्त फरक नसन तर हेडला हात लावायचं कारण नाही. जो मेकॅनिक म्हणते गेजची गरज नाही मला कानानं समजते, त्याला माझी व्यापाऱ्याची गोष्ट सांग. टॅपेटची फट मोजायला फीलर गेज (पातळ पट्ट्यांचं माप) लागते, कव्हर उघडून तासाभराचं काम आहे, हेड उतरवावं लागत नाही, तेवढं त्याला करू दे, कमी-जास्त असन तर सेट होऊन जाईन.

तर तुझा क्रम असा, आधी जुना फिल्टर डबा अन् श्वासाची नळी, तेवढ्यावर दोन दिवस चालव. मंग मॅनिफोल्डचं अन् फ्लँजचं, म्हणजे खालच्या पाइपाच्या जोडाचं, गॅस्केट, दोन्ही नवीन, काही शे रुपयाचे येतात, बोल्ट मधातून बाहेर अशा क्रमानं थोडे थोडे कसायचे, इंजिन थंड असताना, अन् जुने बोल्ट गंजलेले असन तर आदल्या रात्री ऑइल सोडून ठेव, एक जरी हेडमध्ये तुटला तर तिथंच दिवस जाईन. मंग स्क्रू अन् थ्रॉटल बॉडी. सायलेन्सर अन् कॅटॅलिटिक परत बसवणं हे पैशाचं काम आहे, ते तूर निघाल्यावर कर, पण कर.

फिल्टर बदलल्यावर एका सकाळी पार थंड गाडीचा आवाज मोबाईलवर रेकॉर्ड करून पाठव, बॉनेट उघडं, एसी बंद, गाणे बंद, पहिले दोन मिनिटं अन् मंग दहा मिनिटानंतरचं एक मिनिट. अन् मॅनिफोल्डच्या जोडाचा फोटो, कव्हर काढून.